काचेच्या पेटीतली हवा : नवजात इन्क्युबेटरच्या तपासणीचा आढावा

भोपाळच्या हबीबगंज भागात, २०२१ साली राणी कमलापती हे नाव मिळालेल्या रेल्वे स्थानकाच्या आजूबाजूला, नवजात बाळांवर उपचार करणारी बरीच रुग्णालयं आहेत. साकेतनगरला एम्स आहे. '१२५०' या नावाने सगळ्या शहराला ठाऊक असलेलं जयप्रकाश जिल्हा रुग्णालयही फार लांब नाही. अरेरा कॉलनीपासून होशंगाबाद रोडपर्यंत खासगी रुग्णालयं पसरली आहेत. नर्मदापुरम, इटारसी, बैतूल, मुलताईकडून कमी दिवसांची बाळं इथे आणली जातात. बैतूल-मुलताईच्या पट्ट्यातली कित्येक घरं मराठी बोलणारी आहेत. त्या घरांत फोनवर निरोप जातो, "बाळाला काचेच्या पेटीत ठेवलंय, आता काळजी नाही."

आईबापांचा त्या पेटीवर पूर्ण विश्वास असतो, आणि डॉक्टर-सिस्टरांनाही तो ठेवावाच लागतो. पेटीच्या पडद्यावर दोन आकडे असतात, हवेचं तापमान ३६ अंश आणि आर्द्रता ८० टक्के. उपचाराचे निर्णय त्यांच्या आधाराने होतात. हे आकडे यंत्राने स्वतःच स्वतःबद्दल दिलेले असतात. बाळ जिथे झोपलंय तिथली हवा खरोखर तशी आहे का, हे पाहायला यंत्राबाहेरचं, स्वतः तपासलेलं दुसरं मोजमाप लागतं. ते कसं घ्यायचं, त्याचे निकष कोणते, आपल्याकडे ते कितपत घेतलं जातं आणि भोपाळसारख्या हवामानात त्यात आणखी काय पाहायला हवं, याचा हा आढावा.

ऊब आणि ओल

जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार नवजात बाळाच्या शरीराचं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असायला हवं. ते ३६.५ च्या खाली गेलं की गारठ्याचा ताण सुरू होतो, ३६ च्या खाली मध्यम आणि ३२ च्या खाली गंभीर शीतबाधा मानतात. पूर्ण दिवसांच्या बाळाजवळ ऊब तयार करणारी तपकिरी चरबी असते आणि त्वचाही तयार झालेली असते. अठ्ठावीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाजवळ ही चरबी फारशी नसते, आणि त्वचेचा सर्वांत वरचा, पाणी अडवणारा थर जवळजवळ नसतो. शरीरातलं पाणी त्वचेतून सतत उडून जात राहतं.

स्वीडनमधल्या उप्साला इथे हामारलुंड आणि सेदिन यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस हे मोजलं. पंचवीस-सव्वीस आठवड्यांच्या बाळाच्या त्वचेतून पहिल्या दिवशी उडणारं पाणी पूर्ण दिवसांच्या बाळाच्या सुमारे पंधरा पट असतं. साधा हिशेब करून पाहू. आठशे ग्रॅमच्या बाळाला ५० टक्के आर्द्रतेच्या हवेत ठेवलं, तर तासाला जवळपास चार ग्रॅम पाणी त्वचेतून जाईल. दिवसभरात ते ९० ग्रॅमच्या आसपास जातं, म्हणजे वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ०.५८ किलोकॅलरी उष्णता शरीरातून निघून जाते. म्हणजे दिवसाला पन्नासेक किलोकॅलरी. एवढी उष्णता ते बाळ विश्रांतीत स्वतः तयारही करत नाही. म्हणून या बाळांसाठी पेटीतली आर्द्रता ही उबेइतकीच उपचाराची बाब आहे, आणि तिची तपासणीही तितक्याच गांभीर्याने व्हायला हवी.

हे दोन्ही घटक एकमेकांत किती गुंतलेले आहेत, हे न्यूयॉर्कच्या विल्यम सिल्व्हरमन यांच्या कामातून दिसतं. १९५७ साली त्यांनी दाखवलं की दमट इन्क्युबेटरमधली अपुऱ्या दिवसांची बाळं कोरड्या हवेतल्या बाळांपेक्षा जास्त प्रमाणात जगतात. श्रेय ओलाव्याला द्यायचं असं दिसत होतं. पण त्यांच्या लक्षात आलं की दमट हवेतल्या बाळांची शरीरंही जास्त उबदार राहिली होती. पुढच्याच वर्षी त्यांनी आर्द्रता सारखी ठेवून फक्त तापमान बदललं. एका गटाला सुमारे २९ अंश, दुसऱ्याला सुमारे ३२. जास्त उबेतल्या गटात जगण्याचं प्रमाण सुमारे १५ टक्क्यांनी जास्त निघालं. हवेच्या तापमानातल्या तीन अंशांवर जगणं-मरणं ठरू शकतं, हे तेव्हापासून सिद्ध झालेलं आहे. पेटीच्या आकड्यात दोन अंशांची चूक असेल, तर ती किती महागात पडेल ते यावरून समजावं.

मानक काय मागतं

इन्क्युबेटरसाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे आयईसी ६०६०१-२-१९. भारतीय मानक ब्युरोने ते आयएस १३४५० च्या मालिकेत घेतलं आहे. त्यातल्या तापमान आणि हवेबद्दलच्या मुख्य अटी अशा.

गादीच्या पृष्ठभागापासून १० सेंटिमीटर वर पाच ठिकाणी तापमान मोजायचं, एक मधोमध आणि चार गादीच्या चार चतुर्थांशांच्या मध्यावर. मधल्या जागेच्या तापमानाला इन्क्युबेटरचं तापमान म्हणायचं. तापमान स्थिर झाल्यावर ते आपल्या सरासरीपासून अर्ध्या अंशापेक्षा जास्त हलता कामा नये. बाकीच्या चार जागांची सरासरी मधल्या सरासरीपासून ०.८ अंशापेक्षा जास्त दूर नसावी, गादी तिरकी केली तर १ अंशापर्यंत चालेल. पडद्यावरचा हवेचा आकडा आणि खरं तापमान यांत ०.८ अंशापेक्षा जास्त फरक नसावा. त्वचेला लावायच्या प्रोबची अचूकता ०.३ अंशाच्या आत हवी. सेटिंग ३२ वरून ३६ केल्यावर तापमान उसळून २ अंशांपेक्षा वर जाऊ नये आणि पंधरा मिनिटांत पुन्हा ठिकाणावर यावं. गादीवरून वाहणारी हवा सेकंदाला ०.३५ मीटरपेक्षा वेगाने वाहू नये, कारण वारा लागला की त्वचेतलं पाणी आणखी झपाट्याने उडतं. आतला आवाज ६० डेसिबलच्या वर नसावा. मुख्य नियंत्रण बिघडलं तरी हीटर बंद करणारी स्वतंत्र सुरक्षा व्यवस्था हवी, आणि नेहमीच्या वापरात तिची मर्यादा ३८ अंश आहे.

आर्द्रतेबद्दल मानक फार थोडं बोलतं. पडद्यावरचा आकडा खऱ्या सापेक्ष आर्द्रतेपासून १० टक्क्यांपेक्षा जास्त ढळू नये, एवढीच मुख्य अट. किती आर्द्रता गाठता आली पाहिजे, किती वेळात, पेटीच्या कोपऱ्यांत ती सारखी आहे का, हे मुख्यतः उत्पादकाच्या दाव्यावर सोडलेलं आहे.

या १० टक्क्यांच्या सवलतीचा अर्थ बाळासाठी काय होतो ते पाहू. त्वचेतून उडणारं पाणी त्वचेजवळच्या आणि हवेतल्या बाष्पदाबातल्या फरकाच्या प्रमाणात असतं. ३६ अंशांच्या हवेत आर्द्रता ८० ऐवजी खरी ७० असली, तर हा फरक, आणि त्याबरोबर पाण्याचा ऱ्हास, साधारण ४० ते ५० टक्क्यांनी वाढतो. पडदा ८० दाखवत राहील, यंत्र मानकाच्या चाचणीत उत्तीर्ण होईल, आणि बाळाला दिवसाकाठी अंदाजापेक्षा कितीतरी जास्त पाणी गमवावं लागेल. सोडियम वाढत जाईल, वजन उतरेल. म्हणून मला वाटतं, अठ्ठावीस आठवड्यांखालच्या बाळांसाठी वापरल्या जाणाऱ्या पेट्यांना रुग्णालयांनी स्वतःची कडक मर्यादा लावावी. ५ टक्क्यांच्या आतला फरक गाठणं चांगल्या संवेदकाला अशक्य नाही.

एक तपासणी जवळून

चांगल्या तपासणीत काय होतं ते क्रमाने पाहण्यासारखं आहे. बायोमेडिकल इंजिनिअर आधी पेटीची बाहेरून पाहणी करतो. हाताच्या खिडक्यांच्या रबरी कडा फाटल्यात का, झाकण नीट बसतं का, हवेचा फिल्टर काळवंडलाय का, पंख्यावर धूळ साठलीय का, आर्द्रतेच्या टाकीत पांढरा थर जमलाय का. मग पाच संवेदकांचं साधन गादीवर मांडतो. फ्लूकच्या इन्कू टूसारखं तयार विश्लेषक असेल तर तापमान, आर्द्रता, हवेचा वेग, आवाज सगळं एकाच वेळी नोंदलं जातं. मधला संवेदक गादीपासून बरोबर १० सेंटिमीटरवर आहे का, हे तो पट्टीने मोजतो. दोन-तीन सेंटिमीटरच्या फरकानेही वाचन बदलतं.

सेटिंग ३६ वर करून झाकण बंद केलं की घाई चालत नाही. तापमान गाठायला किती वेळ लागला ते आधी टिपायचं. मग ते स्थिर होऊ द्यायचं, आणि त्यानंतर निदान तासभर मिनिटामिनिटाची नोंद घ्यायची. हेच ३२ वरही करायचं. ३२ वरून ३६ वर नेताना उसळी किती येते ते पाहायचं. त्वचेचा प्रोब प्रमाणित थर्मामीटरसोबत स्थिर तापमानाच्या पाण्यात किंवा ठोकळ्यात तपासायचा. प्रोब सुटला, पंखा थांबला, वीज गेली, तर अलार्म वाजतो का, हे प्रत्यक्ष करून पाहायचं. वीज गेल्याची सूचना देणारी आतली बॅटरी संपलेली असली, तर ते अशा वेळीच कळतं.

इथे तपासणाऱ्या साधनाचीही तपासणी लागते. ०.८ अंशाची मर्यादा पाहायची असेल, तर मोजणाऱ्या संवेदकाची अनिश्चितता ०.२ अंशाच्या आसपास हवी, कारण ती मर्यादेच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त असू नये असा संकेत आहे. एनएबीएलची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत कॅलिब्रेट झालेलं साधन आणि त्याची दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत पोहोचणारी साखळी यासाठीच महत्त्वाची. नुसतं 'कॅलिब्रेटेड' असं स्टिकर पेटीवर असून भागत नाही. कशाने मोजलं, किती फरक आला, अनिश्चितता किती, हे सोबतच्या अहवालात असायला हवं.

आर्द्रतेची अवघड मापं

तापमानाचे संवेदक वर्षानुवर्षं बऱ्यापैकी टिकतात. आर्द्रतेचे तितके टिकत नाहीत. बहुतेक इन्क्युबेटरमध्ये बहुलकाचा पातळ थर असलेला संवेदक असतो. तो ओलावा शोषतो आणि त्याची विद्युतधारिता बदलते. सतत ८०-९० टक्क्यांच्या हवेत राहिला, जंतुनाशकांची वाफ लागली, धूळ बसली, की तो हळूहळू सरकत जातो. वाचन अचानक चुकत नाही, सावकाश चुकत जातं, आणि त्यामुळेच ते कुणाच्या ध्यानात येत नाही.

आर्द्रता मोजताना तापमानाची चूकही तिच्यात मिसळते. ३६ अंशांच्या आसपास हवा एका अंशाने वर गेली, तर त्याच बाष्पाची सापेक्ष आर्द्रता ८० वरून साधारण ७५-७६ वर येते. म्हणून दोन्ही मापं एकाच जागी आणि एकाच वेळी घ्यावी लागतात. पेटीच्या कोपऱ्यात आर्द्रता आणि मध्यावर तापमान, असं करून उपयोग नाही.

आर्द्रतेच्या चाचणीत वेळही पाहावा लागतो. सिस्टर हात घालायच्या खिडक्या उघडते, बाळाचं लंगोट बदलते, सलाइन पाहते. तेवढ्यात आतला ओलावा झपाट्याने निघून जातो. खिडक्या मिटल्यावर ऊब लवकर परत येते, ओलावा यायला बराच वेळ लागतो. दिवसाकाठी खिडक्या कितीदा उघडतात ते कोणत्याही एनआयसीयूत, म्हणजे नवजात अतिदक्षता विभागात, पाहावं. उघडल्यानंतर किती मिनिटांत आर्द्रता पूर्वपदावर येते, हे मानकाच्या मुख्य चाचण्यांत नाही, पण रुग्णालयाच्या तपासणीत ते असायलाच हवं.

पाण्याचाही प्रश्न इथेच येतो. टाकीत निर्जंतुक ऊर्ध्वपातित पाणीच घालायचं आणि ठरल्या वेळी बदलायचं, हा नियम आहे. जड पाणी घातलं की क्षाराचा थर बसतो आणि वाफ कमी तयार होते. त्याहून मोठा धोका जंतूंचा. २००८ साली सायप्रसमधल्या एका रुग्णालयात नळाचं पाणी भरलेल्या, थंड तुषार सोडणाऱ्या आर्द्रता यंत्रातून नवजात बाळांना लिजिओनेलाचा संसर्ग झाला आणि त्यात बाळं दगावली. ते यंत्र इन्क्युबेटरमधलं नव्हतं, तरी पाणी न तापवता हवेत सोडलं तर काय होतं याचा तो धडा आहे. पाणी उकळून वाफ करणाऱ्या पद्धतीला म्हणूनच पसंती असते. तपासणीच्या वेळी टाकीची स्वच्छता आणि हीटरचं तापमान पाहणं हा संसर्ग रोखण्याचाच भाग आहे.

भोपाळचे ऋतू

मानकातल्या चाचण्या २१ ते २६ अंशांच्या, वारा नसलेल्या खोलीत करायच्या असतात. इन्क्युबेटर साधारण २० ते ३० अंशांच्या वॉर्डमध्ये चालावं असं गृहीत धरलेलं असतं. भोपाळचा मे महिना या गृहीतात बसत नाही. बाहेर ४० च्या वर पारा असतो, आणि वातानुकूलन बंद पडलं की वॉर्डही तासाभरात तापतो. इन्क्युबेटर हवा तापवू शकतं, थंड करू शकत नाही. मोटार आणि पंख्याच्या उष्णतेमुळे आतली हवा नेहमीच खोलीपेक्षा दोन-तीन अंश जास्त असते. खोली ३५ वर गेली, तर ३४ चं सेटिंग कोणत्याही यंत्राला पाळता येणार नाही. त्यात पश्चिमेच्या खिडकीतून ऊन पेटीवर पडलं, किंवा काविळीसाठी वर फोटोथेरपीचा दिवा लावला, तर आत उष्णता अडकून राहते. उन्हाळ्यात प्रश्न ऊब कमी पडण्याचा नसतो, ती वाढण्याचा असतो, आणि तापमान मर्यादेबाहेर गेल्याची सूचना वेळेवर येते का याची खरी परीक्षा मे महिन्यात होते.

आर्द्रतेचं गणित ऋतूगणिक आणखी बदलतं. एप्रिलच्या दुपारी ४० अंश आणि १५ टक्के आर्द्रता असलेल्या हवेत दर घनमीटरमागे साधारण पावणेआठ ग्रॅम बाष्प असतं. ही हवा ३६ अंशांच्या पेटीत गेली तर तिची सापेक्ष आर्द्रता फक्त १८ टक्के भरते. ऑगस्टच्या पावसात २६ अंश आणि ९० टक्के असलेली हवा त्याच पेटीत ५० च्या वर जाते. जानेवारीच्या रात्री २० अंशांची, ५० टक्के ओलाव्याची हवा पेटीत २० च्या आसपास येते. म्हणजे ऑगस्टमध्ये ८० टक्के गाठणारी पेटी एप्रिलमध्ये किंवा जानेवारीत ते गाठेलच असं नाही. तपासणी वर्षातून एकदाच होत असेल आणि ती पावसाळ्यात होत असेल, तर आर्द्रतेच्या बाबतीत तिच्यावर विसंबता येणार नाही. भोपाळमध्ये ही चाचणी एप्रिलमध्ये करावी, आणि शक्य असेल तर जानेवारीत दुसऱ्यांदा.

जानेवारीत आणखी एक गोष्ट घडते. ३६ अंश आणि ८० टक्क्यांच्या हवेतलं बाष्प ३२ अंशांच्या पृष्ठभागावर पाण्याच्या थेंबांच्या रूपात जमू लागतं. थंड वॉर्डमध्ये पेटीची एकेरी भिंत याहून गार असते, म्हणून काचेवर घाम येतो आणि सिस्टर आर्द्रता कमी करते. शिवाय बाळाचं शरीर गार भिंतींकडे उष्णता फेकत राहतं. खोली पेटीतल्या हवेपेक्षा दर सात अंशांनी थंड असली, तर बाळाला जाणवणारं तापमान जवळपास एक अंशाने कमी होतं. २२ अंशांच्या वॉर्डमध्ये ३६ अंशांची एकेरी पेटी बाळाला ३४ अंशांसारखी वाटते, आणि हवा मोजणारा संवेदक ३६ दाखवत राहतो. म्हणूनच तपासणीच्या अहवालात वॉर्डचं तापमान आणि आर्द्रता लिहिलेली नसेल, तर तो अहवाल अपुरा समजावा. दुहेरी भिंतीच्या पेट्या घ्यायच्या की नाहीत, या खरेदीच्या निर्णयातही हा हिशेब धरायला हवा.

आणि वॉर्मर?

आपल्या सरकारी व्यवस्थेत इन्क्युबेटरपेक्षा रेडियंट वॉर्मर, म्हणजे वरून ऊब देणारी उघडी यंत्रं, कितीतरी जास्त आहेत. २०११ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी जिल्हा रुग्णालयांत विशेष नवजात काळजी कक्ष म्हणजे एसएनसीयू उभे करायची चौकट घालून दिली, आणि त्यात मुख्य साधन वॉर्मर आहे. बाळ उघडं असतं, हाताशी असतं, तातडीचे उपचार सोपे जातात. पण वॉर्मरमध्ये आर्द्रतेवर ताबा नसतो, आणि बंद पेटीच्या मानाने बाळाचं पाणी जास्त जातं. म्हणून कमी वजनाच्या बाळावर पारदर्शक प्लॅस्टिकचं आच्छादन घालावं लागतं.

वॉर्मरच्या चाचणीची पद्धत वेगळी आहे. आयईसी ६०६०१-२-२१ नुसार काळा रंग दिलेल्या, प्रत्येकी ५०० ग्रॅमच्या आणि १० सेंटिमीटर व्यासाच्या अॅल्युमिनियमच्या पाच चकत्या गादीवर ठेवतात. त्यांच्या सरासरी तापमानांत २ अंशांपेक्षा जास्त फरक नसावा. एका वॉर्मरवर दोन बाळं ठेवायची वेळ आली की दोघं कडेला जातात, आणि कडेला उष्णता कमी असते. गर्दीच्या कक्षात ही चाचणी म्हणूनच फार महत्त्वाची.

प्रवासाचा टप्पा तर बहुतेक वेळा तपासणीबाहेरच राहतो. बैतूलहून भोपाळपर्यंतचा १८० किलोमीटरच्या आसपासचा रस्ता जानेवारीच्या रात्री बाळाने कशात काढला, यावर पुढची पेटी किती कामाची ठरेल हे अवलंबून असतं. वाहतूक इन्क्युबेटरचं स्वतंत्र मानक आहे, आयईसी ६०६०१-२-२०. साधन नसेल तिथे आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून बाळाला आणणं, म्हणजे कांगारू पद्धत, हा खरोखर उत्तम मार्ग आहे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या, भारतासह पाच देशांतल्या अभ्यासात, जन्मल्यावर लगेच कांगारू पद्धत सुरू केलेल्या कमी वजनाच्या बाळांत २८ दिवसांपर्यंतचे मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाले. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्या आरोग्यदूतांच्या हातून घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेऊन मृत्यू किती कमी करता येतात हे १९९९ सालीच जगापुढे मांडलं. बाळाला उबदार ठेवणं हा त्या कामाचा महत्त्वाचा भाग होता. पेटीची गरज त्यामुळे संपत नाही. उलट पेटीत जाणारी बाळं सर्वांत नाजूक असतात, म्हणून पेटीच्या अचूकतेची जबाबदारी वाढते.

जबाबदारी कोणाची

१ एप्रिल २०२० पासून देशातली सगळी वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याच्या कक्षेत आली. त्यामुळे इन्क्युबेटर बनवणं, आयात करणं आणि विकणं यावर नियंत्रण आलं. पण रुग्णालयात पाच वर्षं वापरलेली पेटी आज काय करते आहे, हे पाहायला कोणी निरीक्षक येत नाही. किराणा दुकानातल्या वजनकाट्यावर वैधमापन विभागाचा ताजा शिक्का नसेल तर दुकानदाराला दंड होतो, आणि आठशे ग्रॅमच्या बाळाची हवा मोजणाऱ्या पडद्याला असा कोणताही शिक्का लागत नाही. हे बदललं पाहिजे, आणि बदलता येतं. बोस्निया-हर्जेगोविनाने इन्क्युबेटरसह काही वैद्यकीय उपकरणं वैधमापनाच्या कक्षेत आणून ठरावीक काळाने त्यांची पडताळणी सुरू केली. इंडोनेशियात रुग्णालयांच्या उपकरणांचं नियमित कॅलिब्रेशन सक्तीचं आहे, आणि त्यामुळेच तिथल्या तंत्रशिक्षण संस्थांत स्वस्त इन्क्युबेटर विश्लेषक बनवण्याचं काम मोठ्या प्रमाणावर झालं.

आपल्याकडे पाया अगदीच नाही असं नाही. २०१५ साली केंद्राने जैववैद्यकीय उपकरणांच्या देखभालीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्यासाठी झालेल्या नोंदणीत राज्याराज्यांतली १३ ते ३४ टक्के उपकरणं बंद अवस्थेत आढळली. जिल्हा रुग्णालयांत ९५ टक्के वेळ उपकरण चालू असावं, अशी अट कंत्राटात आली. पण पंखा फिरतो, दिवा लागतो, आकडा दिसतो, एवढ्यावर पेटी 'चालू' ठरते, अचूक मात्र ती तेवढ्याने ठरत नाही. राष्ट्रीय गुणवत्ता मानकं आणि २०२१ चा 'मुस्कान' उपक्रम यांत कॅलिब्रेशनच्या नोंदी पाहिल्या जातात, ही चांगली गोष्ट आहे. त्या नोंदींत पाच जागांची तापमानं आणि आर्द्रतेचा फरक प्रत्यक्ष लिहिलेला असेल, तर त्यांना अर्थ येईल.

मध्य प्रदेशसाठी हे अधिकच निकडीचं आहे. २०२० च्या नमुना नोंदणी सर्वेक्षणात राज्याचा बालमृत्यू दर हजारी ४३ होता, देशात सर्वांत जास्त. देशाचा २८ होता आणि महाराष्ट्राचा १६. या आकड्यामागे कुपोषण, अंतर, प्रसूतिपूर्व काळजी अशी अनेक कारणं आहेत. पेटीची अचूकता हे त्यातलं एक लहान पण हातात असलेलं कारण आहे.

तपासणीचा आगीशीही संबंध आहे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयातल्या एसएनसीयूत आग लागून दहा बाळं गेली. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरच्या रात्री भोपाळच्याच कमला नेहरू रुग्णालयात नवजात कक्षाला आग लागून बाळं दगावली. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये झाशीत पुन्हा तेच घडलं. प्राणवायूने भरलेल्या खोलीत हीटर, पंखे आणि तारा चोवीस तास चालू असतात. तापमानाच्या तपासणीला पेटी उघडणारा माणूस जुनी वायर, सैल प्लग, धुळीने माखलेला हीटर डोळ्यांनी पाहतो. विद्युत सुरक्षेची चाचणी त्याच दिवशी करणं म्हणूनच शहाणपणाचं.

परवडणारी वाट

तयार विश्लेषकाची किंमत काही लाख रुपये आहे, आणि दोन-चार पेट्या असलेल्या खासगी नर्सिंग होमला तो घेणं कठीण. पण त्यासाठी थांबायचं कारण नाही. बाजारात मिळणारे अंकीय आर्द्रता संवेदक २ टक्क्यांच्या आसपासची अचूकता देतात. त्यांची पडताळणी मिठाने करता येते. बंद डब्यात साध्या मिठाचं संपृक्त द्रावण ठेवलं की त्यावरच्या हवेची आर्द्रता खोलीच्या तापमानाला ७५ टक्क्यांवर स्थिरावते, मॅग्नेशियम क्लोराइडच्या द्रावणावर ३३ वर. संवेदक दोन्ही ठिकाणी बरोबर बोलला तर त्याच्यावर विसंबता येतं. अशा संवेदकाने दरमहा घेतलेलं वाचन एनएबीएल प्रयोगशाळेच्या वार्षिक तपासणीची जागा घेऊ शकत नाही, पण मधल्या अकरा महिन्यांत सरकत चाललेली पेटी ते नक्की पकडतं.

हबीबगंज परिसराला एक मोठी सोय आहे. हबीबगंज नाक्याजवळच सीएसआयआरची अॅम्प्री ही प्रयोगशाळा आहे. मॅनिटसारखी अभियांत्रिकी संस्था शहरात आहे, एम्स आहे. या संस्थांनी मिळून एक सामायिक तपासणी पथक उभं करावं, एक प्रमाणित विश्लेषक घ्यावा, आणि एप्रिल व जानेवारीत आसपासच्या सरकारी आणि खासगी एनआयसीयूत फिरवावा. एका पेटीला अर्धा दिवस लागला, तरी वर्षभरात शहरातल्या बहुतेक पेट्या तपासून होतील. निघालेले आकडे एकत्र नोंदले, तर भोपाळच्या हवेत कोणत्या प्रकारची पेटी किती काळ अचूक राहते, याची माहिती तयार होईल. पुढच्या खरेदीला आणि मुलताई-बैतूलच्या रुग्णालयांनाही ती उपयोगी पडेल.

तोवर प्रत्येक विभागाने निदान एवढं करावं. पेटीच्या बाजूला एक कागद लावावा आणि त्यावर पाच नोंदी ठेवाव्यात : शेवटच्या तपासणीची तारीख, पाच जागांमधला सर्वांत मोठा फरक, पडदा आणि खरं तापमान यांतला फरक, आर्द्रतेतला फरक, आणि तपासणीच्या वेळचं वॉर्डचं तापमान. रात्रपाळीच्या सिस्टरला त्या कागदावरून कळेल की ८० लिहिलंय ते खरं ७३ आहे, आणि ती सेटिंग वाढवायला डॉक्टरांना सांगेल. आईबापांनीही तो कागद पाहायला मागावा. त्यांना तो अधिकार आहे, आणि चांगल्या रुग्णालयाला तो दाखवण्यात अडचण वाटायचं काही कारण नाही.